आधी पंखा बंद करा

कुणाच्याही घरात शिरल्या की मॅडमची नजर आधी छताकडे जायची. "आधी पंखा बंद करा, मंग बोला." मे महिन्यात, पत्र्याच्या घरात हे ऐकणाऱ्याचं काय होत असेल, तुम्हीच विचार करा. पण पंख्याच्या घरघरीत सांगणारीचा आवाज बुडतो, असं त्यांचं म्हणणं. रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत त्या समोरच्या आजीला स्वतःच्या पदराने वारा घालत बसायच्या.

मॅडम वाशीमला आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. केस पांढरे झाले तरी कॉलेजने त्यांना उमेदवारच ठेवलं. मला याचा राग आजही येतो आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

डिजिटल प्रकल्प करायचा म्हटलं की एम.ए., पीएच.डी.ची मुलं त्यांच्याकडेच जायची. कागदावर मार्गदर्शक दुसरेच असत. मीही गेलो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या आठवणींचं एक अ‍ॅप करायचं माझ्या डोक्यात होतं.

"कोनासाठी करून राह्यला?" मॅडमनी विचारलं.

"संशोधकांसाठी. शाळेतल्या मुलांना शिकवायलाही होईल."

"आन जिनं सांगतलं तिले काय? तिच्या फोनवर चालन का तुहं अ‍ॅप? तुही पीएचडी झाल्यावर त्याले कोन सांभाळन? हे आधी लिहून आन, मंग ये."

राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. मी तीनदा लिहून नेलं. तिसऱ्या वेळी त्यातून अ‍ॅपच गायब झालं होतं आणि उरल्या होत्या कुठल्याही फोनवर वाजतील अशा साध्या ऑडिओ फायली.

मग आम्ही रिठद, केनवड आणि आजूबाजूचे तांडे पालथे घातले. मॅडमचा नियम असा की रेकॉर्डिंग संपलं की ते त्या घरातल्या फोनच्या मेमरी कार्डात घालायचं आणि मगच उठायचं. तेही जसंच्या तसं, खोकल्यासकट. कॉलेजच्या साइटसाठी आम्ही नंतर कापून नीट करायचो. "कापलेलं वर्गात चालते," त्या म्हणायच्या. "घरी पुरं पाह्यजे."

कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती आली तेव्हा हीच साइट मोठ्या पडद्यावर दाखवली गेली. टाळ्या प्राचार्यांनी घेतल्या. मॅडमना मागच्या रांगेत बसवलं होतं. समिती जाताच प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी सोबत होतो.

"या फायली कॉलेजची मालमत्ता आहेत. त्या बाहेर कशा गेल्या?"

"बाहेर नाही गेल्या सर, घरी गेल्या," मॅडम म्हणाल्या.

घराघरांतून त्या परत आणायला सांगितलं. मॅडमनी साफ नकार दिला. आम्हा विद्यार्थ्यांच्या प्रती मात्र प्रबंधावरच्या सह्या अडवून जमा करून घेतल्या आणि आमच्या लॅपटॉपवरच्या पुसायला लावल्या. त्या जूनच्या यादीत मॅडमचं नाव नव्हतं.

पुढे वर्षभरात साइट बंद पडली. नूतनीकरण करायला कुणाला सुचलं नाही. ज्या संगणकात सगळं ठेवलं होतं तो परीक्षा विभागाला हवा होता, म्हणून कोरा करून दिला. आता कॉलेजची नवीन साइट आहे. उघडली की संस्थेच्या अध्यक्षांचा हसरा फोटो दिसतो. या लोकांना लाज नावाची गोष्ट ठाऊक आहे की नाही, देव जाणे.

मी मॅडमना फोन केला. माझा आवाज चढला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "आपल्या बाया हायेत न घरी? मंग कायले ओरडून राह्यला?"

मागच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. कॉलेजात शोकसभा झाली. अध्यक्षांनी त्यांना संस्थेचा आधारस्तंभ म्हटलं. मी उठून बाहेर आलो.

उन्हाळ्यात रिठदला गेलो, घराघरांतून फायली पुन्हा गोळा कराव्यात म्हणून. आम्ही पहिल्यांदा जिचं रेकॉर्डिंग केलं होतं, ती आजी खाटेवर बसली होती. डोक्यावर पंखा खडखडत होता. सुनेने जुना फोन शोधून आणला, कार्ड तेच होतं. तिने फाइल लावून फोन खाटेवर ठेवला.

आधी थोडी खरखर आली. मग मॅडमचा आवाज. "आधी पंखा बंद करा, मंग बोला."

आजी उठली, भिंतीला धरत बटणापर्यंत गेली आणि तिने पंखा बंद केला. मग आम्ही तिघं घामाघूम होऊन ऐकत बसलो.