न मावलेला 'नाही'

मथळेमामांना गंभीर म्हणून काही बोलता येत नाही, असं त्या सांजदैनिकाच्या कचेरीत सगळेच म्हणत. ऐन उमेदीत ते तिथे छपाईचे खिळे जुळवायचे. शिशाचे खिळे भंगारात गेले तेव्हा मालकाने त्यांना जुन्या अंकांच्या खोलीत नेऊन बसवलं. म्हणजे धड ठेवलंही नाही आणि धड काढलंही नाही. दुपारी डबे उघडले की सगळे त्या खोलीत जमत. मामा गठ्ठ्यातून एखादा पिवळा अंक ओढत, मथळा वाचत आणि पुढे काय झालं असेल ते सांगत.

"'मुख्य रस्त्यावरील खड्डे लवकरच जनतेसाठी खुले.' मग काय, नगराध्यक्षांनी फीत कापली आणि पहिलं पाऊलही त्यांनीच टाकलं. अजून वर आलेले नाहीत. सह्या तिथूनच करतात."

"'चुकार गाढव पालिकेच्या सभेत, कामकाज सुरळीत.' पुढच्या निवडणुकीत बिनविरोध आलं की! सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेणारा सभासद दुसरा होता कोण?"

लोकांना ठसका लागे. हेच मथळे संध्याकाळी घरी ताईला ऐकवले जात. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण. शिंप्याकडून सदरे आणून काजं करायची आणि भावाच्या थापांना हसता हसता सुई बोटात टोचून घ्यायची.

एक मथळा मात्र मामांनी कुणालाच ऐकवला नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी ताईचा नवरा ज्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता ती बुडाली. आठ दिवस ताईच्या पोटात अन्न नव्हतं. नवव्या दिवशी दुपारी अंक यंत्रावर चढताना बातमी आली आणि संपादकाने चिठ्ठी पाठवली: 'बुडालेल्या बोटीवरील खलाशी वाचल्याची शक्यता नाही.' खाली 'सविस्तर वृत्त उद्या.' मामांनी जुळवायला घेतलं, तर दोन स्तंभांत 'नाही' काही मावेना. लहान टायपात बसवू म्हणून त्यांनी तो बाजूला काढला. तेवढ्यात यंत्रावरून शिवी आली आणि जुळवलेली चौकट 'नाही'शिवायच छापायला गेली. आपली भाषाही अशी, की सगळं सांगून झाल्यावर शेवटी नाही म्हणते. आपण खरंच विसरलो, का हातालाच तो शब्द नको होता, हे त्यांना आजवर कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी ताई पोटभर जेवली. आणि तिथेच मामा फसले.

दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर, कोपऱ्यात दुरुस्ती आली. आळीत येणारे तिन्ही अंक मामांनी वाटेतच लांबवले. पुढे कचेरीच्या गठ्ठ्यातलाही तो तुकडा पात्याने कापून चुलीत घातला. बोटीच्या मालकाने हात वर केले. कागदोपत्री भावोजी 'बेपत्ता' राहिले. सांगू उद्या, सांगू परवा, असं करता करता ताईचे केस पांढरे झाले.

मागच्या आळीतल्या विधुर मास्तरांनी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "माझा माणूस आला तर कुठे तोंड दाखवू?" त्या अर्ध्या मथळ्याचं कात्रण तिने काजाच्या दोऱ्यांच्या डब्यात जपून ठेवलं होतं. आता मास्तर गाव सोडून पुतणीकडे निघाले होते, कायमचे. जाण्याआधी तिसऱ्यांदा विचारलं. ताईने या वेळी लगेच उत्तर दिलं नाही. दोन दिवस ती चुकीच्या बाजूला काजं करत होती.

तिसऱ्या दिवशी मामांनी डब्यातून कात्रण काढून तिच्यापुढे धरलं.

"ताई, हा मथळा अर्धा आहे. पुढे 'नाही' होतं. जागेत बसेना म्हणून मी काढलं. खलाशी वाचल्याची शक्यता नाही, असं होतं ते. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली, ती मी तुला दिसू दिली नाही."

ताईची सुई थांबली. मग ती हळूहळू हसू लागली.

"मग पुढे काय झालं? तो 'नाही' गेला कुठे? निवडणुकीला उभा राहिला?"

"ताई, शपथ घेऊन सांगतो."

"गाढवाच्या वेळेलाही शपथ घेतली होतीस." तिने डोळे पुसले. "मला मास्तरांकडे धाडायला एवढी खटपट? माझं मन डगमगलं होतं रे. बरं झालं, हे कात्रण काढलंस." तिने ते पदराने पुसलं आणि डब्यात ठेवलं.

मामांकडे दाखवायला काही नव्हतं. होता तो पुरावा त्यांनीच जाळला होता, आणि शब्द म्हणावा तर रोज दुपारी कचेरीत हसण्यावारी घालवलेला.

"जा, मास्तर वाट बघत असतील," ताई दोरा ओवत म्हणाली. "त्यांना सांग, नाही. आणि हे बघ, वाटेत गाळू नकोस हं तो!"

आपल्याच विनोदावर ती पुन्हा हसली. मामा चपला घालून मागच्या आळीत गेले. मास्तर बांधलेल्या ट्रंकेवर बसले होते. मामांना बघून ते घाईने उठले.

"ताई म्हणाली," मामांनी सुरुवात केली आणि क्षणभर थांबले. मग त्यांनी तो शब्द न गाळता सांगितला.