शिडी आणि अकरा चिमटे

"श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा."

दिवसातून साठ-सत्तर वेळा थोरली एवढंच बोलायची. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जाड शिशाच्या दाराआडच्या खोलीत, गेली चौदा वर्षं. माणसं शर्ट काढून, हनुवटी वर करून, छाती फळीला टेकवून उभी राहायची. ही काचेमागे जाऊन बटण दाबायची, की पडद्यावर बरगड्या हजर. चेहरे मात्र तिच्या लक्षात राहत नसत. रस्त्यात कोणी "ओळखलंत का मला?" म्हणालं, तर ती आधी त्याच्या छातीकडे बघायची आणि मग स्वतःच ओशाळायची.

एक्स-रे बघायची एक रीत असते. त्यातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरायचं. म्हणजे आपल्या डाव्या हाताला जे दिसतं, ते त्याचं उजवं. चौदा वर्षांत ही रीत थोरलीच्या डोळ्यांत इतकी मुरली की एरवी तिच्या डाव्या-उजव्याचा काही भरवसा उरला नव्हता. स्कूटरवर मागे बसून ती नवऱ्याला वाट सांगायची, "आता डावीकडे घ्या." नवरा एक अक्षर न बोलता उजवीकडे वळायचा. दोघं अगदी बरोबर पोचायचे.

हे ध्यानात असू द्या. पुढे लागणार आहे.

दुसरं तिचं जळणं. थोरली भांडकुदळ नव्हती, भांडी आपटणारी तर मुळीच नव्हती. तिचं जळणं बिनधुराचं. कँटीनमध्ये सोनोग्राफीवालीला खिडकीजवळची खुर्ची मिळाली, की ही म्हणणार, "बस गं बस, मला काय, कुठेही चालतं." आणि मग संध्याकाळपर्यंत डोक्यात ती खुर्चीच. सोनोग्राफीवाली तापाने आजारी पडली तेव्हा थोरली तिला भेटायला फळं घेऊन गेली, नाही असं नाही. पण त्याआधी दोन दिवस त्या खुर्चीत बसून घेतलं.

अशा बाईला सासरी हक्काचं असं काय मिळालं असेल? सासूबाई! हसू नका, खरंच सांगते. सासूबाई बत्तीस वर्षं शाळेत खेळाच्या बाई होत्या. निवृत्तीनंतर शिट्टी खिळ्याला अडकली, पण आवाज तिच्याबरोबर अडकला नाही. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे बसलं की खाली निळी उशी लागायची. दोन वर्षांपूर्वी दिराने घरात मोबाइलवरचा तो फुटबॉलचा खेळ आणला. प्रत्येकाने आपापला संघ चालवायचा, आणि दर बुधवारी व रविवारी संध्याकाळी सातला घरच्या घरात सामने.

"म्हणजे आपण लाथ मारायचीच नाही?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"नाही हो आई. फक्त माणसं निवडायची, कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवायचं आणि बघत बसायचं," थोरलीने समजावलं.

"मग मी जन्मभर दुसरं काय केलं?"

तेव्हापासून सोफ्याची डावी बाजू सासूबाईंची. (डावी म्हणजे खरी डावी.) गुडघ्याखाली निळी उशी, खांद्याला थोरलीचा खांदा आणि तोंड अखंड चालू. "अगं सोड त्याला पुढे! झोपलाय का तो? काय खाऊन आलाय?" पडद्यावर तर नुसते रंगीत ठिपके पळत असायचे. पण सासूबाईंना त्यांचे गुडघेसुद्धा दिसायचे. थोरलीच्या संघातला स्ट्रायकर चांगला उंच होता, म्हणून त्याचं नाव त्यांनी ठेवलं शिडी. पहिल्या वर्षी शिडीने सव्वीस गोल केले. प्रत्येक गोलाला सासूबाई थोरलीच्या मांडीवर थाप मारायच्या. थोरलीला माहेरी कोणी कधी अशी थाप मारली नव्हती.

मग या वर्षी शिडी आटला. नऊ सामने, गोल एकही नाही. "शिडीचा फटका बाहेर." "शिडीचा फटका खांबाला." "शिडी पडला." थोरलीने काय काय करून पाहिलं! दोन्ही कडांनी उंच पास मारायला लावले, तर समोरच्यांनी शिडीच्या अंगावर दोन आडदांड बचावपटू घातले. मग मागूनच लांब चेंडू टाकले. मग खेळाची गती वाढवली, मग कमी केली. रोज सकाळी बसथांब्यावर उभं राहून ती एक बदल करायची, आणि दुपारी डब्याच्या वेळी तो पुसून दुसरा.

"एकटा पडलाय गं तो," सासूबाई म्हणायच्या. "त्याच्या शेजारून पळणारा एखादा दे ना. एक जण त्याच्या मागे जाईल, शिडी मोकळा होईल."

"हो आई," म्हणायचं, आणि आपल्याला हवं तेच बटण दाबायचं.

आणि इथेच धाकटी आली. दिराचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. धाकटी मोठ्या किराणा दुकानात माल रचायच्या कामावर होती. बिस्किटं कुठे, साबण कुठे, घाईच्या वस्तू किती मागे ठेवायच्या, हे सगळं तिचं खातं. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "गोलकीपरने पण पळायचं का?" असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा थोरली मनापासून हसली होती. तिचं ते धाकटीबरोबरचं शेवटचं मनापासूनचं हसणं.

कारण धाकटीचा स्ट्रायकर, बुटका म्हणायचे त्याला, गोल करत सुटला. एक, दोन, मग एका सामन्यात तीन.

"जरा बघून येते तिचं काय चाललंय," सासूबाई एका बुधवारी म्हणाल्या आणि जेवणाच्या टेबलाकडे गेल्या. धाकटी तिथे टॅबलेट घेऊन बसायची. पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्या बुधवारी परत आल्या तेव्हा थोरलीचा जीव भांड्यात पडला. पण त्या उशी न्यायला आल्या होत्या.

निळी उशी! थोरली रिकाम्या सोफ्याकडे बघत राहिली. तिथे बसून बसून खोलगा पडला होता.

"काय गं, बरं नाही वाटत?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय झालंय? बसू दे ना त्यांना कुठे बसायचं तिथे. मला काय, कुठेही चालतं."

हे वाक्य नवऱ्याच्या ओळखीचं होतं.

थोरली कामावर जायची, पण कान घरीच ठेवून. "श्वास घ्या... धरून ठेवा..." म्हणाली, आणि टेबलापाशी आत्ता काय कुजबुज चालली असेल याच्या विचारात 'सोडा' म्हणायचीच विसरली. समोरचे आजोबा लालबुंद होईपर्यंत श्वास कोंडून उभे. "बाई," ते शेवटी कसेबसे म्हणाले, "परवानगी असेल तर..."

मग तो रविवार आला. संध्याकाळी सातला सामना होता थोरली विरुद्ध धाकटी. दुपारी थोरली कपडे वाळत घालायला गेली, तर टोपलीत चिमटे नाहीत. शोधत आत आली तर सगळे चिमटे जेवणाच्या टेबलावर, काही मांडलेले, बाकीचे कडेला ढीग करून. सासूबाईंना पडद्यावरचं बारीक दिसेना, म्हणून धाकटीने टेबलाचंच मैदान केलं होतं. दहा पिवळे चिमटे, आणि पुढे एक लाल, तो बुटका. घरात लाल चिमटा एकुलता एक.

थोरली दाराशीच थबकली.

"हा डावीकडचा धावत आत येणार," धाकटी एक पिवळा सरकवत होती. "त्याच्यामागे त्यांचा माणूस जाणार. आमच्याकडे एका काउंटरवर सवलतीची पाटी लावली की सगळी गर्दी तिकडे पळते ना, तसं. दुसरा काउंटर मोकळा. तिथे आपला बुटका."

"शाब्बास!" सासूबाई म्हणाल्या, आणि धाकटीच्या मांडीवर थाप मारली.

ती थाप थोरलीला दारात लागली.

थोड्या वेळाने सासूबाई पडायला गेल्या, धाकटी अंघोळीला. थोरली आली आणि धाकटीच्या खुर्चीमागे उभी राहिली. चोरी म्हणावी तर चिमटे घरचेच होते. तिने एकच नजर टाकली. रोज साठ-सत्तर फिल्मा बघणाऱ्या बाईला दुसरी नजर लागत नाही. आत जाऊन, दार लावून, आपल्या संघात तिने ती मांडणी जशीच्या तशी उतरवली. शेजारून धावणारा माणूस दिला, आणि शिडीला लाल चिमट्याच्या जागी उभं केलं. मग बाहेर येऊन उरलेले चिमटे घेतले आणि कपडे वाळत घातले.

सात वाजले. थोरली सोफ्यावर, धाकटी आणि सासूबाई टेबलाशी. नवरा आणि दीर मधे उभे, कोणाच्या बाजूने ओरडावं या पेचात.

सामना विचित्रच चालला. सगळे ठिपके मैदानाच्या एकाच कडेला. तिथे ही गर्दी, आणि दुसरा अर्धा भाग ओसाड. विसाव्या मिनिटाला बुटक्याने गोल केला. पन्नासाव्याला आणखी एक. थोरलीने ओठ आवळले. आणि अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला त्या गर्दीतून चेंडू कसाबसा बाहेर पडला. ओसाड भागात एकटा ठिपका उभा होता.

"शिडी!" सासूबाई किंचाळल्या. "मार! अगं मार म्हणावं त्याला! मार!!"

गोल!

दहा सामन्यांनी गोल. सासूबाई गुडघे विसरून उभ्या राहिल्या. निळी उशी टेबलाखाली. त्यांनी थेट थोरलीकडे बघितलं, जुन्या दिवसांसारखं. थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सामना दोन-एक हरली, पण त्याचं तिला काही नव्हतं.

सासूबाई मात्र खाली बसल्या आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "थांब गं. हे सगळे एकाच बाजूला का लोटले होते? दाखव तिची मांडणी."

धाकटीने मांडणी काढली. बघितली. टॅबलेट थोडा तिरका केला. "आई... हे आपलेच चिमटे. आरशातले."

सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "आरशातले नव्हेत," त्या सावकाश म्हणाल्या. "एक्स-रेतले."

थोरलीच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. ती उभी होती धाकटीच्या खुर्चीमागे, संघाच्या पाठीशी. आणि तिच्या डोळ्यांनी नेहमीच्या सवयीने तो संघ आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरलं होतं. डाव्याचं उजवं. तिची चोरी तिच्याच नोकरीने पकडून दिली होती.

"इकडे या, एक्स-रेवाल्या बाई," सासूबाई म्हणाल्या. हा शाळेतला आवाज. थोरली उठून गेली. "हा शेजारून पळणारा कोणाच्या डोक्यातून आला?"

"धाकटीच्या," थोरली पुटपुटली.

"ताई, माझ्या कुठल्या?" धाकटी म्हणाली. "मी बिस्किटं रचते. हे सगळं आई सांगतात. मी नुसते चिमटे हलवते."

"महिनाभर तुझ्या कानाशी घसा फोडत होते मी," सासूबाई म्हणाल्या. "शेजारून पळणारा दे, शेजारून पळणारा दे. तू काय म्हणायचीस?"

"हो आई."

"आणि करायचीस काय?"

"उलटं," मागून नवरा म्हणाला.

दीर फिस्सकन हसला. थोरलीने कोणाकडेच बघितलं नाही.

"पण ताई, विचारायचं ना मला," धाकटी अगदी सरळपणे म्हणाली.

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

"हो. मग?"

"म्हणूनच नाही विचारलं."

धाकटीला काही हे कळलं नाही. सासूबाईंना कळलं. त्यांनी टेबलाखालची उशी पायाने ओढून घेतली, आणि बराच वेळ तिच्यावरची धूळ झटकत राहिल्या.

बुधवारी थोरली कामावरून आली, हातपाय धुतले, आणि साडेसहाला निळी उशी स्वतः उचलून टेबलाशी नेली. धाकटीच्या बाजूला नव्हे, समोरच्या बाजूला. आपल्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर ठेवली. सासूबाई आल्या. त्यांनी उशी बघितली, खुर्ची बघितली, सून बघितली. आणि बसल्या.

"आज माझी मांडणी आधी," थोरली म्हणाली. "आई, तुम्ही सांगा, मी करते."

"करशील?"

"करते म्हटलं ना."

धाकटीने टोपली पुढे केली. सासूबाई चिमटे काढू लागल्या. थोरली बघत होती. "माझ्या शिडीला लाल हवा."

"लाल एकच आहे. तो बुटक्याचा."

"तेच म्हणतेय."

"घ्या ना ताई!" धाकटीने लगेच लाल चिमटा पुढे केला, इतक्या लगेच की थोरलीला पुन्हा आत कुठेतरी चटका बसला. हिला काहीच कसं लागत नाही? तरी तिने चिमटा घेतला. सोडते की काय!

"हं," सासूबाईंनी एक पिवळा चिमटा हातात धरला. "आता हा पळणारा. डावीकडे. सांग, कुठे ठेवू?"

थोरलीने क्षणभर विचार केला आणि ठामपणे बोट दाखवलं.

सासूबाईंनी एक अक्षर न बोलता चिमटा दुसऱ्या बाजूला ठेवला.