शेठच्या पाठीवरचं पॉलिश

माझ्या मामाला फर्निचरच्या कारखान्यात सगळे 'आरसा' म्हणायचे. त्याने पॉलिश केलेल्या टेबलात बघून पोरं भांग पाडायची. बाकीचे पॉलिशवाले पॉलिशचा एक हात मारून बिडी ओढायला बाहेर जायचे. मामा एका हातावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, मधे बारीक काचपेपर, परत हात. त्याला घाई कर म्हटलं की तो तेवढाच सावकाश व्हायचा. मालक कपाळ बडवून घ्यायचा, पण गिऱ्हाईक यायचं ते मामाला विचारतच.

मला कुणी वाईट बोललं तर मी एकवेळ सोडून देते. मामाला बोललं तर सोडत नाही. मी शाळा सोडली तेव्हा अख्ख्या खानदानाने तोंडसुख घेतलं. मामा एवढंच म्हणाला, "उद्यापासून ये पेपर मारायला. नखं कापून ये." संपला विषय.

मग मामाचा दम गेला. थिनर, लॅकर, लाकडाची धूळ, एवढी वर्षं नाकातोंडात. पहिल्यांदा जिना चढताना बसायला लागला, मग बोलतानाही धापा टाकायला. डॉक्टरने छातीचा फोटो दिव्यावर धरला आणि म्हणाला, पॉलिशच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. मामा घरी बसला. बसला कसला, झोपला. भिंतीकडे तोंड करून. मामी म्हणायची, "अहो, निदान कूस तरी बदला, गादीला खड्डा पडला." तो बदलायचा नाही. जेवायला उठवायचं म्हणजे कपाट सरकवायचं काम.

कासव आलं ते एका कपाटाबरोबर. कुठल्यातरी म्हाताऱ्याचं घर रिकामं करत होते. तो वारला होता आणि त्याच्या मुलाने सगळं लाकूडसामान कारखान्यात आणून टाकलं, विकायला. टेम्पोतून शेवटी एक खोका उतरवला. मालकाने आत बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"हे काय?"

"बाबांचं कासव. जमिनीवरचं आहे, पाण्यात टाकू नका. पालेभाजी खातं. ऊन लागतं त्याला," मुलगा म्हणाला, आणि मोबाईलवर बोलत निघूनही गेला.

मालक म्हणाला, नाल्यावर सोडून या. मी म्हटलं, तुम्हालाच सोडते नाल्यावर. आणि खोका घेऊन घरी आले. मी मामाकडेच राहायचे.

मामीने दारातच अडवलं. "घरात तीन माणसांना धड जागा नाही, आणि तू हा दगड आणलास?"

"दगड नाही, कासव आहे."

"मग चालून दाखव म्हणावं."

ते काही चाललं नाही. पाय आत, डोकं आत. मामीने परातीत ठेवून बघितलं, टकटक केलं, काही नाही. आम्ही दोघी नाद सोडून स्वयंपाकाला लागलो. जरा वेळाने खुरखुर आवाज आला म्हणून बघितलं, तर मामा खाली फरशीवर पोटावर झोपलेला, आणि त्याच्या नाकासमोर एक सुरकुतलेलं डोकं बाहेर आलेलं. दोघं एकमेकांकडे बघत होते.

"याला पालक दे," मामा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याने आपणहून काहीतरी मागितलं होतं. मामी पालकाची जुडी घेऊन धावली. मला माहीत आहे, तिने ती कासवासाठी नाही आणली.

मामी त्याला शेठ म्हणायला लागली. "दिवसभर बसून खातो, वर कुणी हलवलं की फुसफुस करतो. शेठच आहे." मामा जुन्या ड्रेसिंग टेबलाचा तुटका खण घेऊन आला. त्यात भुसा नको, धूळ होते, म्हणून सुकं गवत घातलं. आमच्या खोलीला एकच खिडकी. तिच्यातून ऊन येतं ते फरशीवर पडतं आणि हळूहळू सरकत भिंतीला लागतं. मामा त्या उन्हाबरोबर शेठला सरकवायचा. स्वतःही सरकायचा. सकाळी दारापाशी, मग खाटेपाशी, मग मोरीच्या कठड्याजवळ. मामी केर काढायला आली की ओरडायची, "दोघंही उठा!" मामा हसायचा. हसताना त्याच्या छातीत शिट्टी वाजायची, पण हसायचा.

मी कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटले, आरसा उठला म्हणून.

आता पुढचं. शेठची पाठ खराब होती. पांढुरके चट्टे, कडेला पापुद्रे सुटलेले, मधे रंग उडालेला. मामा रोज त्यावरून अंगठा फिरवायचा. मला माहीत आहे तो अंगठा. नवीन टेबल आलं की तो असाच फिरवतो, आणि मग काय करायचं ते ठरवतो.

"कोरडं पडलंय," एक दिवस म्हणाला. "इतकी वर्षं कुणी बघितलंच नाही याच्याकडे. असंच राहिलं तर तडकेल."

मामी म्हणाली, "ते कासव आहे, तिपाई नाही."

"कळतं मला. पण वरचं ते मेलेलंच असतं ना. नखासारखं. नखांना नाही का बायका रंग लावत?"

   आमच्या घरात कुठलीही वस्तू निस्तेज झाली की तिला पेपर मारायचा आणि वर हात द्यायचा, एवढंच आम्हाला येतं. खाटेखाली मामाचा जुना डबा होता, लॅकरचा, म्हणजे त्या चकचकीत पॉलिशचा, तळाशी थोडं राहिलेलं. मामी बाहेर गेली ते बघून त्याने तो काढला. मी कामावर होते. नाकाला ओला फडका बांधला. खिडकी लावून घेतली, बाहेरची धूळ बसू नये म्हणून. सगळ्यात बारीक पेपरने शेठची पाठ घासली, पुसली, आणि एकावर एक हात मारले. कासव ते, पळणार कुठे? उलट आत जाऊन गप्प बसलं. मामाला वाटलं, किती शहाणं आहे.

मी संध्याकाळी आले तर दारात शेजारपाजारची गर्दी. शेठ खणात बसलेला आणि त्याची पाठ, काय सांगू! प्रत्येक चौकट वेगळी दिसत होती, आत पिवळं, कडेने काळं, मधासारखं खोल. शेजारचा पोरगा खरंच वाकून भांग पाडत होता. मामा खोकत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोकल्याचं की कशाचं कोण जाणे. "बघ," मला म्हणाला, "हात गेला नाहीये अजून."

मामीने घरात पाऊल टाकताच वास ओळखला. इतकं बोलली, इतकं बोलली. पण बोलून झाल्यावर तीही वाकून बघत होती.

शेठने खाणं सोडलं. आधी वाटलं रुसलाय. मामाने पालक सोडून कोथिंबीर दिली, काकडी दिली, मऊ भोपळा दिला. तोंड फिरवायचा. मग डोळे सुजले. नाकाशी फुगे यायला लागले. मान पुढे काढून, तोंड उघडून श्वास घ्यायचा, आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी. मामी पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "हा आवाज तुमचा आहे की त्याचा?"



आम्ही जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे बाकी सगळे कुत्रेवाले. बाईंनी शेठला टेबलावर ठेवलं आणि पाठीवरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

"मी," मामा म्हणाला. त्याला वाटलं होतं, त्या विचारतायत कारण काम चांगलं झालंय. त्याचा चेहरा मी बघितला ना, म्हणून सांगते.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मी त्यांच्याशी भांडले तरी असते. त्या थकलेल्या आवाजात बोलल्या. वरचा थर नखासारखा असतो, बरोबर, पण त्याच्या लगेच खाली हाड आहे, रक्त आहे, जिवंत आहे. तुम्ही घासून तो पातळ केला. त्यावर हे पॉलिश. ऊन अडलं, वाढ अडली, आणि बंद खोलीतला वास सगळा छातीत गेला. न्यूमोनिया आहे.

"काढून टाकतो मी," मामा म्हणाला. "थिनरने एका मिनिटात निघेल."

"थिनर लावलंत तर आजच मरेल. काढायचं तर कोरडं खरवडून. अगदी हळू."

"मग जगेल ना?"

बाईंनी इंजेक्शन भरलं. "औषध देते मी. पण खोटी आशा नाही देणार. कासवं मरायलाही वेळ लावतात, तेवढंच."

घरी येताना मामा जिन्यावर चार वेळा बसला. 

दुसऱ्या दिवशी त्याने बांबूची कामटी तासून घेतली, धार नसलेली, आणि शेठला मांडीवर घेऊन खरवडायला बसला. लॅकर साधंसुधं नव्हतं, आरशाच्या हातचं होतं. दिवसभरात रुपयाएवढी जागा मोकळी व्हायची. आणि त्याची जी पांढरी भुकटी उडायची, ती मामाच्या छातीत जायची. रात्री तो बसूनच झोपायचा, आडवं होता येत नव्हतं.

"अहो, सोडा आता," मामी हात जोडायची. "त्याच्यापायी तुम्ही जाल."

"माझं काय राहिलंय?"

"आम्ही राहिलोय!" मामी ओरडली. तो वर न बघता खरवडत राहिला.

मी म्हटलं, मला दे, मी करते. त्याने दिलं, थोडा वेळ बघितलं आणि काढून घेतलं. "तुझा हात जड आहे, त्याला लागेल." मी कामटी लपवून ठेवली. तर नखाने खरवडायला लागला. शेवटी मीच कामटी काढून दिली. काय करणार?

एके सकाळी मी शेठला खणातून उचललं तर पाय बाहेरच लोंबत राहिले. आत गेले नाहीत. मी डोळ्यापाशी बोट नेलं, काही नाही. मामीने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

मामाने हात पुढे केले. मी शेठला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने पाय आत ढकलून बघितले, ते परत बाहेर आले.  मग कामटी उचलली.

"मामा, गेला तो."

"दिसतंय मला. डावी बाजू राहिलीय."

 मी फडका भिजवून त्याच्या नाकाला बांधला, एक माझ्या नाकाला बांधला, आणि समोर बसून शेठला धरून ठेवलं, हलू नये म्हणून. आता लागायची भीती नव्हती तरी तो तेवढ्याच हळू खरवडत होता. मधेमधे थांबून श्वास ओढायचा. कामावर गेले नाही म्हणून मालकाचा फोन आला, मी कापला.

दुपार कलली तेव्हा त्याने पाठ पुसली आणि शेठला माझ्या हातात दिलं.

"उजेडात धरून बघ. दिसतं का कुठे?"

मी खिडकीशी नेलं. पाठ परत पांढुरकी झाली होती, आधीपेक्षा वाईट, ओरखडलेली. पण चौकटींच्या फटींमधे, जिथे कामटी पोचतच नाही, तिथे बारीक रेघा चकाकत होत्या. एकूण एक फटीत.

"नाही," मी म्हटलं. "सगळं गेलं."

"खोटं बोलतेस," मामा म्हणाला. "माझं काम असं जात नाही."

मी तोंड खिडकीकडेच ठेवलं. मागे त्याचा श्वास वाजत होता. खोलीत आता तो एकच आवाज होता.