वळणावरचे गोटे

कुणी काही विचारलं आणि किसनरावांनी उत्तर दिलं नाही, असं परतवाडा ते चिखलदरा या घाटात तीस वर्षांत घडलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी भाजीच्या टोपल्या आणि भाजीवाल्या बाया वर नेणारी त्यांची जीप घाटात कुठंही थांबे, कारण कुठं ना कुठं अमरावतीची किंवा अकोल्याची एखादी गाडी उभी असे आणि तिच्या काचेतून एखादं डोकं बाहेर आलेलं असे. भीमानं कीचकाला मारलं ते कुठं? गाविलगड चढायला किती वेळ लागतो? कॉफीची झाडं कोणती? रबडी कोणाकडची घ्यावी?

"मोथा गावात स्ट्रॉबेरी मिळेल का हो काका?"

"आता? जुलैत?" किसनराव कपाळावर हात मारत. "बाप्पा, थंडीत या!" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ती कधी लावतात, कशी लावतात, धुकं पडलं की काय होतं, हे सगळं सांगूनच ते गिअर टाकत. तोवर मागच्या टोपल्यांतली मेथी मान टाकून मोकळी होई.

"पगार देतात का तुमाले थे लोकं?" त्यांची बायको कौशल्या मागून ओरडे. ती त्याच जीपमधून झेंडू आणि वांगी घेऊन बाजाराला जाई. "अन् सांगून फायदा काय? मोबाइलात पाहून जातात भलतीकडंच!"

"इचारलं तं सांगा लागते ना, अवं."

घाट अर्धा चढला की एक अवघड वळण येतं. तिथं गोटेबाबा होते. मूर्ती नाही, देऊळ नाही. नदीतल्या गुळगुळीत गोट्यांचा माणसाच्या छातीएवढा ढीग. माल भरून वर जाणाऱ्यानं बिच्छन नदीच्या पात्रातून एक गोटा उचलायचा आणि या वळणावर उतरून ढिगावर ठेवायचा. जुने बैलगाडीवाले गाडी मागं येऊ नये म्हणून चाकाखाली लावायला गोटा सोबत नेत आणि वळण पार झालं की तिथंच टाकत, त्यातून हा रिवाज पडला, असं किसनराव सांगत. तळाशी त्यांच्या वडिलांच्या हातचे गोटे होते. एका बाजूला पांढऱ्या रेघेचा एक गोटा होता. तो कौशल्येनं लग्नानंतर पहिल्यांदा घाट चढताना ठेवलेला. वळण आलं की तिची मान आपोआप तिकडं वळे.

जुलैतल्याच एका बाजाराच्या दिवशी किसनराव वर चहाच्या टपरीवर बसले होते. सकाळपासून अकरा गाड्यांना रस्ते सांगून त्यांचं डोकं उठलं होतं. तेवढ्यात शेखर नावाचा एक तरुण येऊन बसला. कड्याजवळ फोटो काढण्यासाठी एक चौथरा बांधणं चालू होतं, त्या ठेकेदाराचा हा मुकादम.

"काका, इथं गोल दगड कुठं मिळतील? इथले सगळे टोकदार आहेत."

"इथं कायचे भेटतात!" किसनराव बशीतून डोकं वर न काढता म्हणाले. "गोल गोटे पाहाचे तं खाली वळनावर पाहा. ढीगच्या ढीग. आमीच आनले सारे, नदीतून."

यातल्या शेवटच्या वाक्यात थोडा अभिमान होता. शेखरला त्यात परवानगी ऐकू आली. बशी खाली ठेवून किसनराव उठले तेव्हा तो निघूनही गेला होता.

पुढच्या बाजाराला जीप वळणावर आली आणि किसनरावांचा पाय ब्रेकवरच राहिला. ढीग नव्हता. ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा आणि पिवळी पडलेली वाटोळी जागा, एवढंच. बायका खाली उतरल्या. हातातले गोटे कुठं ठेवायचे ते कुणालाच कळेना. कौशल्या त्या जागेच्या एका बाजूला जाऊन नुसती उभी राहिली.

"कोनं तरी दाखोलं असन," सत्तरीची सुंदराबाई म्हणाली. "परक्याले काय माईत? ज्यानं सांगतलं, त्याची जीभ झडो!"

"झडो," बाकीच्या म्हणाल्या.

सगळ्या गोटे हातातच धरून परत जीपमध्ये बसल्या. किसनराव समोर बघून गाडी चालवत होते. वाटेत दोन गाड्यांनी हात केला, पण जीप थांबली नाही. तेव्हाच कौशल्येच्या कपाळाला आठी पडली.

सांगावं की गप्प राहावं, हे ठरेपर्यंत बाजार आला. ठरवायची गरजही उरली नाही. पाल टाकून टोपल्या मांडतात न मांडतात तोच शेखर हसत हसत समोरून आला.

"काका! तुम्ही ढीग सांगितला म्हणून चौथरा वेळेत झाला बघा. चला, दाखवतो!"

बाजारात कुठं काय बोललं जातंय ते कळू नये एवढा गलका असतो. हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुमी?" कौशल्या म्हणाली.

"अवं, त्यानं इचारलं..."

"अन् तुमी सांगतलं. कोनं इचारलं का घराची किल्ली कुठी ठेवता, तं थेबी सांगा!"

काय झालं ते समजल्यावर शेखरचा चेहरा पांढरा पडला. "काका, मला वाटलं, तुमचेच आहेत." तो सगळ्यांना कड्यापाशी घेऊन गेला. गोटे सिमेंटात पक्के बसले होते. एक लाल, एक पिवळा, असे रंगवलेही होते. कौशल्येनं चौथऱ्याभोवती एक फेरी मारली. यातला आपला कोणता, ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

"फोडू का?" शेखरनं विचारलं.

"फोडून गोटे कुठी राह्यतीन? गिट्टी होईन," सुंदराबाई म्हणाली. मग तिनं तिथंच निवाडा केला. "वळन तं कोनं नेलं नाई ना? किसन्या, येत्या बाजाराले एक्कावन गोटे तू एकट्यानं आनाचे, तूच उतरवाचे. अन् सारे रचून होतवर तोंडातून एक शब्द काढाचा नाई."

"मावशी, मी साठीचा झालो!"

"म्हनून एक्कावन. नाईतं शंभर सांगतले असते."

पुढच्या बाजाराला जीप मागून दबलेली होती. वळणावर किसनराव दोन-दोन गोटे उचलून नेऊ लागले, घाम पुसू लागले, रागानं धुसफुसू लागले. बोलायला मनाई असल्यानं धुसफूस जास्तच होत होती. पहिला गोटा मात्र त्यांनी ढिगात न ठेवता कौशल्येच्या हातात दिला. त्याला पांढरी रेघ होती. तो शोधायला पहाटेपासून ते गुडघाभर पाण्यात उभे होते, हे त्यांच्या ओल्या धोतरावरून कुणालाही कळलं असतं.

तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

"रेघ वाकडी हाय," ती म्हणाली. आणि जुन्या गोट्याच्या जागी, त्याच बाजूला, नीट टेकवून ठेवला.

अठ्ठेचाळीस झाले होते, तेव्हा एक गाडी कचकन थांबली. काच खाली आली.

"काका, हे काय आहे? कसले दगड आहेत? काही स्टोरी आहे का?"

किसनरावांचं तोंड उघडलं. बैलगाड्या, चाकं, किल्ला, वडील, सगळं ओठांवर येऊन उभं राहिलं. त्यांनी सुंदराबाईकडं पाहिलं, मग कौशल्येकडं. तोंड मिटलं. उरलेले तीन गोटे त्यांनी एकदम छातीशी धरून आणले, ढिगावर ठेवले आणि कंबरेवर हात ठेवून गाडीकडं वळले.

"वळन हाय," ते म्हणाले. "हॉर्न वाजवा, अन् जा."