माझ्या डोक्यामागचं गाव

इथे आखातात, अल मनखूलला, आमच्या खालच्या मजल्यावर सायप्रसचे एक काका राहतात. कुठले, असं विचारलं की म्हणतात, "अर्ध्या सायप्रसचा, हबीबी." तुर्की फौजा आल्या तेव्हा हे ग्रीक कुटुंब उत्तरेकडचं गाव सोडून पळालं, काका तेव्हा लहान होते. आता दोन्ही अर्ध्यांमधली फाटकं उघडली आहेत, पण स्वतःच्याच गावात पासपोर्ट दाखवून शिरायचं नाही, हा काकांचा हट्ट.

ईदच्या सुट्टीत मी स्वस्त तिकीट बघून सायप्रस गाठलं आणि विमान कुठल्या बाजूला जातं ते न पाहता उत्तरेकडच्या अर्ध्यात उतरलो. म्हटलं, आलोच आहोत तर काकांचं गाव बघू. परतल्यावर ऐटीत त्यांच्या हातात फोन दिला. झाडून सगळ्या सेल्फी!

"सगळीकडे तूच रे!" काका वैतागले. "हे तुझ्या कानामागे आमचं चर्च ना? डोकं जरा हलवायचंस!"

"काका, पुढच्या वेळी नक्की, इन्शाल्ला..."

"गप्प बस."

मी ओशाळून फोन परत मागितला. त्यांनी फोटो मोठा केला, माझा चेहरा अंगठ्याने झाकला आणि उरलेल्या बोटभर गल्लीतून हळूहळू नजर पुढे नेली.

"थांब जरा," ते म्हणाले, "अजून घरापर्यंत पोचलो नाही."