तिसऱ्यांदा वाजलेला भोंगा

चालणाऱ्या मशीनचा किस्सा होत नाही. बंद पडलं की होतो, आणि रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपात असे किस्से ढिगाने जमलेत. आम्ही पुराचा इशारा देणारे भोंगे बनवतो. त्यांचा सर्किट बोर्ड माझा जोडीदार संदेश करतो, मी प्रोग्राम लिहिते, सावंत सर आम्हा दोघांना शिव्या घालतात.

*

पहिल्या भोंग्यात बॅटरी वाचावी म्हणून संदेशने नदीची पातळी मोजणाऱ्या सेन्सरला अधूनमधून झोपवलं. माझ्या प्रोग्रामला वाटायचं सेन्सर मेला, मग तो सगळं बंद करून पुन्हा चालू करायचा. वेगवेगळं तपासलं तर दोघांचंही काम बरोबर. भोंगा मात्र वाजेचना. सर म्हणाले, "डॉक्टर दोघेही पास, पेशंट गेला."

तेव्हापासून नियम झाला. बोर्ड आणि प्रोग्राम कॉम्प्युटरवर एकाच मॉडेलमध्ये उभे करायचे, आणि खरं बनवण्याआधी तिथेच मोडून बघायचे.

*

मोडण्यात आम्ही हुशार. वीज घालव, पाणी शिरव, वायर तोड. झाडू मारणाऱ्या सुरेखाकाकींनी विचारलं, "मुंग्या घातल्यात काय?" आम्ही हसलो. पुढे लांज्याजवळचा भोंगा गप्प झाला, पेटी उघडली तर आत तांबड्या मुंग्यांचा संसार. आता मॉडेलमध्ये मुंग्या आहेत. काकी मात्र अजून आमच्याशी धड बोलत नाहीत.

*

संदेशचं गाव देवरुखकडे, नदीकाठी. घरी आई एकटी. तिच्यासाठीच तो या कामात पडला, हे आम्हाला ठाऊक होतं. तिथला भोंगा दोनदा खोटा वाजला. एकदा सेन्सरखाली फांदी अडकली, एकदा कुणीतरी त्याच्या दांडीवर गोधडी वाळत घातली. दोन्ही वेळा अख्खं गाव शाळेच्या टेकाडावर.

आईचा फोन आला, "बाला, तुजा भोंगा खोटा बोलतो. चढून चढून माजे गुडघे गेले."

संदेशचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "आये, पुन्हा वाजला तर आधी मला फोन कर. खरा की खोटा ते मी सांगतो, मग निघ."

मी शेजारीच बसले होते. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. आजही स्वतःचा राग येतो.

*

त्या जुलैत खरा पूर आला. आमच्या चाचणीच्या खोलीत मोबाइल नेत नाहीत, मोजमाप बिघडतं. सगळे फोन बाहेर बिस्किटांच्या डब्यात. आत स्क्रीनवर दिसलं, संदेशच्या गावचा भोंगा वाजला, अगदी वेळेवर. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि नोंदी तपासत बसलो. पाऊण तासाने बाहेर आलो तेव्हा त्याच्या फोनवर आईचे सात मिस्ड कॉल होते.

गाव वाचलं, एक घर सोडून.

दिवसकार्य उरकून तो कामावर आला. सरांनी कागद पुढ्यात घेतले. बोर्ड चालला, प्रोग्राम चालला, माणसंही वर चढली. सरांनी हळूच विचारलं, "मग आईच का नाही निघाली रे?"

संदेश म्हणाला, "आयेनं माझंच ऐकलान, सर."