पाळण्याच्या कडीचा पंखा

भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला कधी फुरसत मिळाली नाही. चौथीपर्यंत शिकले, मग लग्न, मग संसार. अंगात येणाऱ्या बायका बघून मला हसू यायचं, अजूनही येतं. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला भोळी समजू नये. बघितलं ते लिहिते.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरची. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं चिऱ्यांचं कौलारू घर. घरात आमचे हे, त्यांची विधवा आत्या, मी आणि आठ महिन्यांची शारदा. मी यांची दुसरी बायको. पहिली इंदू. तिचा मुलगा तापात आकडी येऊन पाळण्यातच गेला आणि महिन्याभरात तीही गेली. आत्याबाईंनी पाळणा माळ्यावर टाकला. माजघराच्या तुळईला त्याची लोखंडी कडी तेवढी राहिली — सहा वर्षं रिकामी. माझ्या पोरीला त्यांनी स्वयंपाकघरात झोळी बांधून दिली.

आळीत वीज आली तसा यांनी मुंबईहून बोटीने पंखा मागवला. वायरमन वर बघून म्हणाला, "वहिनी, नवीन हूक कशाला? ही कडी आहे की! गंजलीय, पण दणकट आहे."

"त्या कडीला काय एक टांगू नकोस हां," आत्याबाई म्हणाल्या. "पाळण्याची आहे ती."

"पाळणा कुठाय? लावा हो तुम्ही," मी म्हटलं.

आत्याबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी चटई घेऊन पंख्याखाली आडव्या झाल्या. पंखा वस्तूच तशी. हात न हलवता वारा. पोरीच्या पाठीवरचं घामोळं आठवड्यात सुकलं, डास अंगावर ठरेनात, दुपारचा डोळा लागायला लागला. शेजारणी तांदूळ निवडायला म्हणून आमच्याकडे यायच्या आणि उठायचं नाव घ्यायच्या नाहीत.

वैशाखात शारदाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "अंग पुसत राहा, वारा लागू दे. संध्याकाळपर्यंत घाम सुटला तर ठीक. ताप आणखी चढला तर आकडी येईल." आत्याबाईंनी हा शब्द ऐकला आणि तोंडाला पदर लावला.

हे बंदरावर कामाला गेले होते. मी पोरीला पंख्याखाली निजवलं. दुपारी दोनच्या सुमाराला वीज गेली. पाती हळूहळू थांबली. बाहेर माडाची झावळी हलत नव्हती. मी विंझणा घेतला, हात दुखला की आत्याबाई घ्यायच्या. पोरीचं अंग तव्यासारखं. रडायचीही थांबली होती, ते वाईट.

आणि वरून आवाज आला. कर्र... कर्र...

पाती फिरत नव्हती. अख्खा पंखा झुलत होता. पुढे... मागे. पाळणा हलतो तसा. मी हातातला विंझणा खाली ठेवला. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं — पान हलत नव्हतं. आणि वर तो वजनदार पंखा संथ झोके घेत होता.

"इंदू," आत्याबाई वर बघून म्हणाल्या, माणसाला हाक मारावी तशा. "नको गो. ही नको नेऊस. मला म्हातारीला ने." मग माझ्यावर ओरडल्या, "बघतेस काय? उचल पोर!"

मी हात पुढे केला. शारदाच्या कपाळाशी पोचला आणि थांबला. तिथे वारा लागत होता. गार. प्रत्येक झोक्याला.

"नाही उचलत," मी म्हटलं. "वारा लागतोय तिला."

"अगो मेले, कुणाचा वारा तो!"

"कुणाचा का असेना."

भीती वाटत होती, ते लपवत नाही. पण उचललं नाही. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. किती वेळ ते ठाऊक नाही. शेवटी पोरीच्या ओठावर घामाचे थेंब दिसले. मग मानेवर. मग झबलं भिजलं आणि ती दूध मागायला रडली.

तेवढ्यात वीज आली. झोका जागच्या जागी थांबला आणि पाती फिरू लागली.

दुसऱ्या दिवशी यांनी वायरमनला बोलावलं. त्याने शिडीवर चढून दोन्ही हातांनी पंखा ओढला, ढकलला. जरा हलला नाही. "घट्ट आवळलाय वहिनी. हा झुलेल कसा?" मग त्याने कडीवर बोट फिरवलं. "ही गंजलेली होती ना? आतून चकाकतेय. रोजच्या पाळण्याने घासते तशी."

पंखा काढायचा का, त्याने विचारलं. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "राहू दे."

पुढे वीज पुष्कळदा गेली. पंखा परत कधी झुलला नाही. शारदा आता स्वतः आजी आहे. तिला सांगितलं तर म्हणते, "आई, तीन दिवसांचं जागरण होतं तुला." असेल. पण आत्याबाई तर रात्री झोपत होत्या, आणि त्यांनीही बघितलं. मला याचा उलगडा आजपर्यंत झालेला नाही. वीज नव्हती, बाहेर वारा नव्हता, आणि माझ्या पोरीला वारा लागत होता.

माझ्यावर मुलाला आकडी येताना बघायची वेळ आली नाही. इंदूवर आली होती.